हंगामाच्या सणाला दात्यांची नावं आणि रकमा वाचाव्यात का?

मळेकरीण
आमची नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च. यंदा चर्चच्या पंच कमिटीने ठरवलंय की, पीक देवाला वाहतात त्या हंगामाच्या सणाला, उपासना आटोपल्यावर, कोणी किती दिलं ते नावासकट माइकवरून वाचायचं. अडचण खरी आहे, मदतनिधी आटलाय. एकट्या बायांचं रेशन, पोरांची फी, कोणाचा अचानक निघालेला दवाखाना, सगळं त्यातूनच चालतं. तरी माझा विरोध आहे. खुरपणीची मजुरी घेऊन आलेली बाई दहाची दुमडलेली नोट मूठ न उघडता थैलीत सोडते, शेजारणीलाही दिसत नाही. तिचं नाव पाच हजारवाल्याच्या खाली वाचणार का? बायबलमधल्या गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांचं, येशूने कौतुक केलं, पण शिष्यांना जवळ बोलावून. तिला चारचौघांत उभं करून नव्हे.

माजी खजिनदार
ताई, मी हिशोब सांभाळलाय म्हणून बोलतो. गुप्त दानाच्या आडोशाला चांगले पगारदार लोकही दर रविवारी दहाच टाकतात. त्या बाईची दहाची नोट आणि यांची दहाची नोट थैलीत सारखीच, हा कुठला न्याय? आणि लिलाव तर आपण उघड्यावरच करतो! वेदीपाशी ठेवलेली कणसं, भोपळे, अंडी, कोंबडा. साधा नारळ हजाराला जातो, घेणारा तो परत देवाला देतो, पुन्हा बोली लागते. एकाने हात वर केला की दुसऱ्यालाही हुरूप येतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना प्रेषित पौलानेही करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मासेदोनियातल्या मंडळ्यांचा दाखला दिलाच की. त्यांनी दारिद्र्यातही किती उदारपणे दिलं, ते सांगितलं.

मळेकरीण
पौलाने मंडळ्यांचं नाव घेतलं, माणसांचं नाही. रक्कम तर सांगितलीच नाही. आणि त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात, 9:7 मध्ये, तोच सांगतो की दुःखी मनाने किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. आमच्याकडे पूर्वी एकदा अशी यादी वाचली होती. यादीत शेवटी नाव आलेलं घर पुढच्या सणाला आलंच नाही. लिलावात निदान गप्प बसायची मुभा असते.

वसईकर
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली. सभासद गरजूंच्या घरी स्वतः जातात आणि सभेत गुप्त पिशवी फिरते. कोणी किती टाकलं, कोणालाच कळत नाही. पण आजारी माणसाच्या खाटेशी बसून आलेल्याला आग्रह करावा लागत नाही. पंचांनी नावं वाचण्यापेक्षा लोकांना त्या घरांत घेऊन जावं.

डोंगरवाट
मी नोकरीनिमित्त मिझोरममध्ये राहिले आहे. तिथे ‘बुहफाई थाम’ म्हणून प्रथा आहे, 1910च्या सुमारास सुरू झालेली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ देवासाठी वेगळ्या डब्यात. चर्चच्या बाया तो गोळा करतात, विकतात, त्यावर मिशनचं मोठं काम उभं राहिलं आहे. मूठ गरिबाघरीही निघते, श्रीमंताघरीही. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची मूठ का नको? पगारदार माणूस दहाच टाकतो म्हणता, पण त्याला पैसा कुठे जातो ते सांगितलंय कधी? ऑडिट होऊन हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, बाकावर बसलेल्यापर्यंत येत नाही.

माजी खजिनदार
हे मात्र मान्य करावं लागेल. आम्ही जमा वाचायचो, खर्च दारावर चिकटवायचो, तोही कोणी वाचू शकणार नाही अशा बारीक अक्षरात. पण मुठीच्या धान्यावर दवाखान्याचं बिल भागणार नाही. मोठी रक्कम देऊ शकणाऱ्याला चर्चच्या पाळकांनी घरी जाऊन, तोंडावर मागितलंच पाहिजे. त्यात संकोच करून गरिबाचंच नुकसान होतं.

मळेकरीण
घरी जाऊन मागा, त्याला माझी ना नाही. पंचांपुढे एवढंच मांडते, नावांची यादी रद्द करा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खर्च वाचा.

वसईकर
खर्च वाचताना घेणाऱ्यांची नावंही नकोत. ‘अमुक बाईला रेशन दिलं’ असं एकदा माइकवरून गेलं, की ती बाई पुढच्या महिन्यात मागायला येणार नाही. किती घरांना दिलं आणि किती रुपये लागले, एवढं सांगितलं की झालं.