सोफ्यावर बसून नाही, उठून बघा

ताई, दहा बाय बाराच्या हॉलसाठी एल आकाराचा सोफा घ्यावा का असं विचारलंय, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात असंही लिहिलंय. माझं मत विचाराल तर एल नकोच. सांगलीत विश्रामबागला राहायला आलो तेव्हा आम्ही असाच खोल, मऊ सोफा घेतला होता. आई उठताना आधी टीपॉय धरायची, मग एक हात माझ्याकडे करायची. वर्षभरात तिच्या जागी खळगा पडला.

शेवटी सुताराकडून सागवानी फ्रेमचा थ्री सीटर करून घेतला. बैठकीची उंची १८ इंच, खोली २१. आता आईचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात आणि पाठही टेकते. सोफ्याचे हात मुद्दाम लाकडी ठेवले, रेटा देऊन उठता येतं. फोम ४० डेन्सिटीचा. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, फोम किती दिवस आकार धरेल ते त्यावरून कळतं. कडक की मऊ, हे दहा मिनिटं बसल्याशिवाय समजत नाही. म्हणून सासूबाईंना दुकानात न्याच.

आणि हो, जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या.