सिडनी पॉटिएचा डॉक्टर इतका गुणी का?

प्रश्न – मध्यंतर:
'गेस हूज कमिंग टू डिनर' (१९६७) पाहिला. गोरी मुलगी आपल्या कृष्णवर्णीय होणाऱ्या नवऱ्याला आईबापांना भेटवायला घरी आणते, ही गोष्ट. तो नवरा, म्हणजे अमेरिकन नट सिडनी पॉटिएचा डॉ. प्रेंटिस, जगभर नावाजलेला डॉक्टर, बोलणं-वागणं नाकासमोर. होणाऱ्या सासऱ्याच्या घरून लांबचा फोन केला तर त्याचे पैसेही टेबलावर ठेवतो! वर, तुमची हरकत असेल तर लग्नच करणार नाही म्हणतो. अरे, थोडा चीड की! कृष्णवर्णीय नायकाला साधं तुसडं वागायचीही मुभा नव्हती का?

उत्तर – शेवटचीरांग:
नव्हतीच. दिग्दर्शक स्टॅनली क्रेमरचा हिशेब असा की मुलात काही खोट ठेवली तर मुलीचे आईबाप त्या खोटीआड लपतील. रंगाशिवाय दुसरी सबबच उरू द्यायची नाही. तो काळही बघा. आंतरवर्णीय विवाहावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये उठवली आणि सिनेमा आला डिसेंबरात. त्यामुळे मला क्रेमरचा राग येत नाही, पण त्या पात्राची कीव येते. त्या एका माणसाने सगळ्या समाजाच्या वतीने परीक्षा द्यायची, आणि पेपर तपासणारे गोरे! त्याच वर्षी क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पॉटिएच्या या सोज्वळ भूमिकांवर सडकून टीका केली होती.

उत्तर – बाल्कनी:
टीका पटते, पण मार नेहमी नटालाच का? हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचं उदाहरण घ्या. 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, तेही समारंभात वेगळ्या टेबलावर बसून. पुढे एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट अशा भूमिकांविरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण स्टुडिओ दुसरं काही देतच नव्हते. मोलकरीण झाली तर समाजाची बदनामी, डॉक्टर झाला तर खोटा.

उत्तर – शेवटचीरांग:
अगदी. म्हणून 'मोठ्या हुद्द्याच्या भूमिका द्या' हा उपाय मला अर्धवट वाटतो. पडद्यावर दहा जण असतील तर त्यातला एखादा आळशी, एखादा चिडका चालून जातो; एकटाच असला की त्याचा प्रत्येक दोष जातीच्या खात्यावर.

@मध्यंतर, चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' (१९७८) बघा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतला कत्तलखान्यात राबणारा स्टॅन. मित्राबरोबर गाडीचं जुनं इंजिन विकत घेतो, दोघं ते जिन्यावरून धापा टाकत उतरवतात आणि ट्रकच्या अगदी कडेला ठेवतात. ट्रक हलतो, इंजिन रस्त्यावर पडून कामातून जातं. झालं. त्यात कुणाच्या वंशाचा दोष नाही की गौरव नाही. आत सरकवून ठेवायचा कंटाळा केला, एवढंच. आसपास सगळेच कृष्णवर्णीय असल्यामुळे स्टॅनला फक्त स्टॅन असून भागतं.

कथानक असं फारसं नाही, तेव्हा झोप आलेली असताना लावू नका.

मध्यंतर:
यादीत टाकला. पण फोनचे पैसे मी अजून माफ केलेले नाहीत.