मदत हवी: मातीच्या उंदराचं वजन काही केल्या जुळत नाही!!

वरणबट्टी: सोमवारी मुलाच्या शाळेत प्रदर्शन आहे. दक्षिण अमेरिकेतला तो बिळात राहणारा छोटा उंदीर, त्याचं खऱ्या मापाचं मॉडेल करायचंय, शेजारी वजन-लांबीची पाटी. सगळं मापाने केलं तरी वजन पाचपट भरतंय. किराणावाल्याच्या काट्यावर दोनदा ठेवून पाहिलं, तो आता हसायला लागलाय. कुठे चुकतंय? लवकर सांगा, रविवारी लग्नाला धरणगावला जायचंय.

केळीवाला: ताई, उंदरांवर झिंक फॉस्फाईड. पण घाई नको. आधी दोन-तीन दिवस नुसतं भरड धान्य तेल लावून ठेवायचं, विष न घालता. चटावले की मग विष. आमच्या ठिबकच्या नळ्या कुरतडून कुरतडून चाळण केली होती.

वरणबट्टी: दादा, मारायचा नाहीये, बनवायचाय.

तापीकाठ: "तो" म्हणजे कोणता? डेगू? टुको-टुको? तिकडे बिळं करणारे ढिगाने आहेत. नाव न सांगता वजन विचारताय, कसं सांगणार?

शेवभाजी: गिनिपिगच असणार. भाच्याकडे पुण्याला दोन आहेत, किलो-किलोचे. त्यांना क जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं, अंगात तयार होत नाही. सिमला मिरची द्या.

तापीकाठ: मातीच्या मॉडेलला सिमला मिरची? आणि गिनिपिग बीळ खोदत नाही. त्याचे रानातले भाऊबंद दुसऱ्यांच्या बिळात घुसतात.

शेवभाजी: म्हणजे बिळात राहतातच ना! भाडेकरू काय घरात राहत नाही?

वरणबट्टी: टुको-टुको. चिठ्ठीत तेच नाव निघालं. वर लिहिलंय असंच वाटत होतं मला.

सातपुडा: टुको-टुको हा एक प्राणी नाही, साठेक जाती आहेत. सगळ्यात लहान १०० ग्रॅमच्या आसपास, आणि चाको भागातला मोठा एक किलोच्या वर जातो. डोकं आणि धड मिळून साधारण १५ ते २५ सेंमी, शेपूट ६ ते ११. जमिनीखालून टुक-टुक आवाज येतो म्हणून हे नाव. डार्विननेही त्या आवाजाबद्दल लिहून ठेवलंय. पाटीवर नुसतं 'टुको-टुको' लिहू नका, कोणती जात ते लिहा.

वावरवाला: आमना वावरमा घूस शे ती किलोभरनी शे. अमेरिकाना उंदीरले कोन इचारस?

तापीकाठ: काका, थांबा जरा. ताई, आकडे द्या. कशाचं बनवलं? लांबी किती धरली, शेपटीसकट की शेपटीविना?

वरणबट्टी: शाडू मातीचं, अर्थातच. एका पानावर एकूण लांबी २४, शेपूट ७, वजन २०० ग्रॅम असं होतं. २४ सेंमीचं अंग केलं, मागे ७ची शेपूट चिकटवली. किलोभर भरलं.

तापीकाठ: सापडलं! 'एकूण लांबी' म्हणजे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. अंग फक्त १७ सेंमीचं हवं होतं. तुमचं १.४ पट लांब झालं, त्या हिशोबाने रुंदी आणि उंचीही १.४ पट. तिन्हीचा गुणाकार करा, पावणेतीन पट. शिवाय जिवंत प्राणी साधारण पाण्याइतका जड, ओली माती त्याच्या पावणेदोन-दोन पट. झाले की पाच!

शेवभाजी: मग शेपूट कापून टाका.

तापीकाठ: अहो, अंगच मोठं झालंय. शेपटीत कितीसं वजन असतं?

सातपुडा: १७चं केलं तरी भरीव माती साडेतीनशेच्या पुढेच जाणार. आतून पोकळ करा, नाहीतर सरळ कागदाचा लगदा घ्या. पुढचे दात नारिंगी रंगवा, जाड आणि ठसठशीत. मागच्या पायांवर राठ केसांची फणी असते, ब्रशचे केस चालतील. शास्त्रीय नावाचा अर्थच 'फणीवाला उंदीर'. अंदाजासाठी बामणोदचं भरिताचं वांगं समोर ठेवा, पावकिलोच्या आतलं.

शेवभाजी: भरिताच्या वांग्यावर बोलू नका राव, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं खाऊन वर्ष झालं. गॅसवर भाजतात ते भरीत नव्हे.

केळीवाला: गॅसवरचंही चांगलं होतं. हात पाहिजे.

शेवभाजी: रावेरच्या माणसाने हे बोलावं?!

वरणबट्टी: तापीकाठ, सातपुडा, खूप आभार. रात्री बसून लगद्याचा केला, १७ + ७. वाळल्यावर १४० भरला, पोटात वाळू भरून २००वर आणला. किराणावाल्याने स्वतः काटा पुसून दिला.

केळीवाले दादा, तुम्हाला एक विचारायचंय. लगद्यात कणकेची खळ घातली होती, रात्रीतून घरच्या उंदरांनी डावा कान खाल्लाय. विष नको, घरात लहान आहे. पिंजऱ्यात काय ठेवू?