मदत हवी आहे : वर्गातल्या अभिरूप वाटाघाटीत 'तटस्थ मध्यस्थ देशा'ला नेमकं काम काय द्यावं?

पाटावरचंपाणी :
नमस्कार मंडळी. सोलापुरात पदवीच्या वर्गासाठी दोन तासांची अभिरूप वाटाघाट बसवतोय. विद्यार्थी ३०. दोन काल्पनिक देश, मधे एक नदी. वरच्या देशाने धरणाचे दरवाजे बंद केलेत, खालच्याने त्याचे ४० अभियंते अडकवून ठेवलेत. (पाण्यावरचं भांडण उजनीखालच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही, म्हणून नदी.) तिसरा देश तटस्थ. पण त्या गटाकडे "दोघांनी संयम राखावा" यापलीकडे बोलायलाच काही नाही. कोणत्या खऱ्या प्रसंगावर बेतावं? स्वित्झर्लंड घेऊ का? आणि प्रस्तावनेत डॉ. कोटणीस घ्यावेत, अशीही एक सूचना आली आहे.

सीनाकाठ :
तुमच्या गोष्टीत अडकवलेली माणसंही आहेत आणि अडवलेलं पाणीही. म्हणजे १९८१ चा अल्जियर्स करार डोळे झाकून घ्या. तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस, अमेरिकेने गोठवलेला इराणचा पैसा, आणि इराण अमेरिकेशी समोरासमोर बसायला तयार नाही. अल्जीरियाने काय केलं ते टप्प्याने बघा.

आधी निरोप्याचं काम. एका बाजूचं म्हणणं दुसरीकडे न्यायचं, पण ते नुसतं पोचवायचं नाही. "यातला हा शब्द तिकडे चालणार नाही, दुसरा द्या" असं सांगून मजकूर घासून घ्यायचा. मग कागद. दोन्ही देशांनी एकमेकांशी करार केलाच नाही. दोघांनी आपापली वचनं अल्जीरियाला दिली आणि जाहीरनामा अल्जीरियाने काढला. त्यामुळे "शत्रूसमोर सही केली" असं घरी कुणाला ऐकावं लागलं नाही.

खरी मेख पैशात होती. आधी पैसे की आधी माणसं? सुमारे ८ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावावरच्या खात्यात ठेवले गेले. ओलीस इराणबाहेर सुखरूप पडले, असं अल्जीरियाने कळवल्यावरच ती रक्कम सुटणार होती. उरलेले दावे हेगच्या न्यायाधिकरणाकडे गेले. तिथे ९ न्यायाधीश: ३ इराणचे, ३ अमेरिकेचे, ३ तिसऱ्या देशांतले.

तुमच्या मुलांना हेच द्या: निरोप, मसुदा, अनामत, खातरजमा. दोन तास पुरणार नाहीत.

तिसरीखुर्ची :
स्वित्झर्लंड घ्यायला हरकत नाही, पण त्याची रोजची कामगिरी मध्यस्थीपेक्षा वेगळी आहे. १९८० पासून इराणमध्ये अमेरिकेच्या हितसंबंधांची देखभाल स्विस दूतावास करतो. पासपोर्ट, तुरुंगातल्या नागरिकांची भेट, निरोपांची ने-आण. याची सोय राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ४५ आणि ४६ मध्ये आहे. ज्या देशात काम करायचं त्याची संमती लागते, आणि गाडी इथेच अडते. २०२२ मध्ये युक्रेनसाठी रशियात हेच काम करायला स्वित्झर्लंड तयार होता. रशियाने नकार दिला, कारण स्विस सरकारने युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारले होते. १८१५ पासून मान्य असलेली तटस्थता एका बाजूला अमान्य झाली की त्या बाजूपुरतं काम संपलं.

उलट नॉर्वे १९४९ पासून नाटोत आहे, कतारमध्ये अमेरिकेचा मोठा हवाई तळ आहे, तरी ऑस्लो आणि दोहात वाटाघाटी होतात. म्हणून मुलांना "कोण तटस्थ?" विचारू नका. "दोघांनाही कोण चालतो, आणि का?" हे लिहून आणायला सांगा.

जुनीमिल :
कोटणीसांबद्दल आदर पूर्ण, पण प्रस्तावनेत नको. ते १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि पुढे जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत राहून काम केलं. ती एका बाजूला दिलेली साथ होती. इथे ते आणले तर मुलांचा गोंधळ होईल.

आपल्याकडचंच हवं तर कोरिया घ्या. १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी जायला नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांचं काय करायचं, यासाठी पाच देशांचा आयोग नेमला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा भारतीय दलाचा, प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. दक्षिण कोरियाने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं.

बिघडलं ते रचनेमुळे. पोलंड-चेकोस्लोव्हाकिया एकीकडे, स्वीडन-स्वित्झर्लंड दुसरीकडे, म्हणजे निर्णायक मत दरवेळी भारताचं आणि शिव्याही दोन्हीकडून भारतालाच. कैद्यांची समजूत काढायला ९० दिवस होते, तेवढ्यात बहुतेकांपर्यंत पोचताच आलं नाही. पुढे काय, यावर राजकीय परिषदेत ठरायचं होतं आणि ती वेळेत भरलीच नाही. शेवटी जानेवारी १९५४ मध्ये भारताने कैदी ज्यांनी पकडले होते त्यांनाच परत सोपवले. मुदत संपली तर काय, हे कलम मसुद्यात आहे का ते जरूर तपासा.

पाटावरचंपाणी :
फार उपयोगी पडलं. कोटणीस वगळले. आता गट आणि वेळ कशी वाटू? आणि पाण्याचा निवाडाही मध्यस्थाने द्यायचा का?

सीनाकाठ :
निवाडा अजिबात नाही. कृष्णेच्या लवादासारखा वाटा ठरवून द्यायचा अधिकार त्याच्याकडे नाही, तो फक्त प्रस्ताव ठेवू शकतो.

गट असे: दोन्ही देशांना ८-८, मध्यस्थ ५, अनामत आणि देखरेख मिळून ४, वार्ताहर ३, नोंदी ठेवणारे २. खोल्या तीन, आणि पहिली ७० मिनिटं दोन्ही देशांची गाठच पडू द्यायची नाही. पहिली २० मिनिटं दोघांकडून "हे चालेल" आणि "हे मेलो तरी नाही" अशा दोन याद्या. पुढची ५० मिनिटं एकच मसुदा इकडून तिकडे फिरवायचा. दोघांना आपापला मसुदा लिहू दिला की काम फसलं म्हणून समजा. नंतरची ३० मिनिटं सह्या. उरलेली २० वार्ताहरांना, कारण घरच्या लोकांना काय सांगायचं यावर अर्धे करार फुटतात.

सह्यांसाठी २०२२ चा इस्तंबूलचा काळ्या समुद्रातला धान्यकरार बघा. युक्रेन आणि रशिया यांनी एका कागदावर सही केली नाही. दोघांनी तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर वेगवेगळ्या प्रतींवर केली. मुदत सुरुवातीला १२० दिवस. जुलै २०२३ मध्ये रशियाने पुढे वाढवायला नकार दिला आणि सगळं थांबलं.

तिसरीखुर्ची :
देखरेख गटासाठी मधेच एक चिठ्ठी फोडा: "तुमच्यातल्या दोन देशांनी एका पक्षाला दहशतवादी ठरवलं." श्रीलंकेत हेच झालं. २००२ च्या युद्धविरामावर नॉर्डिक देशांचं देखरेख पथक होतं. २००६ मध्ये युरोपीय संघाने लिट्टेला दहशतवादी यादीत टाकलं, तसं लिट्टेने संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत म्हटलं. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड बाहेर पडले. उरले नॉर्वे आणि आइसलंड.

पाटावरचंपाणी :
चिठ्ठी साठाव्या मिनिटाला फोडतो, मसुदा फिरत असतानाच. अनामत म्हणून अभियंत्यांच्या नावांची यादी आणि दरवाजांच्या किल्ल्या अशी दोन बंद पाकिटं करतो. दोन्ही एकदम उघडायची, की आधी अभियंते?

सीनाकाठ :
टप्प्याने. १० अभियंते सीमेपार, मग एक दरवाजा. चार हप्ते, चार किल्ल्या. आणि प्रत्येक हप्त्याला "माणसं पोचली" हे देखरेख गटाने लेखी दिल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही.