सिंह की कोकरा? त्या बॅनरवरून थोडं

मिशन कंपाउंड
बेळगावात खानापूर रोडवर ईस्टरच्या कन्व्हेन्शनचं, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याचं, बॅनर लागलंय. पिंजारलेली आयाळ, मागं लालभडक आभाळ, खाली ओळ: ‘पहिल्यांदा कोकरा म्हणून आला, मारला गेला. आता यहूदाचा सिंह येतोय!’ परवा कुणीतरी फोटो इथं फोरमवर टाकला आणि आमेनचा नुसता पाऊस. मी दोन ओळींची शंका काढली तर ‘तुमचा विश्वास थंड झालाय’ असं ऐकावं लागलं. तर आता सविस्तरच लिहितो.

बायबलमधलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्याचा 5 वा अध्याय काढा. सात शिक्क्यांची गुंडाळी उघडायला लायक कुणी नाही म्हणून हा दृष्टांत बघणारा योहान रडतोय. राजासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक जण सांगतो, रडू नको, यहूदा वंशातला सिंह जिंकलाय. हे त्यानं ऐकलं. बघतो तर सिंहाचा पत्ता नाही. राजासनाजवळ कोकरा उभा आहे, आणि तोही वधलेला दिसतो. म्हणजे जिंकला तो मरून. पुढच्या नवव्या वचनात तेच गाणं म्हणतात. अख्ख्या प्रकटीकरणात ख्रिस्ताला सिंह एकदा म्हटलंय, कोकरा 28 वेळा. शेवटच्या अध्यायात राजासनसुद्धा ‘देवाचं आणि कोकऱ्याचं’ आहे. मधे कधी बढती मिळून तो सिंह झाला, ते बॅनरवाल्यांनी दाखवावं.

घाटमाथा
ब्रदर, बॅनर आमच्याच मंडळीचं आहे. पाचव्या अध्यायावर का थांबलात? 6:16 मध्ये राजे आणि सरदार डोंगरांना म्हणतात, आमच्यावर पडा, कोकऱ्याच्या क्रोधापासून लपवा. एकोणिसाव्यात पांढऱ्या घोड्यावरून येतो, झगा रक्तात भिजलेला. उत्पत्ती 49 मध्ये याकोबानं यहूदाला सिंहाचा छावा म्हटलं, ते उगीच?

आणि खरं सांगू का, कॅम्पातल्या दगडी चर्चमध्ये पंख्याखाली बसलं की कोकरा गोड वाटतो. आमच्याकडं पाच घरांची मंडळी. उपासना सुरू झाली की बरोबर दारासमोर डॉल्बी लागतो. लेकरं विचारतात, आपला देव काही करत नाही काय? तिथं सिंहच लागतो.

मिशन कंपाउंड
पंखा गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे, तो वेगळा विषय. झगा भिजलाय खरा, पण लढाई जुंपायच्या आधीच भिजलाय, 19:13. मग रक्त कुणाचं? आणि तलवार हातात नाही, तोंडातून निघते. ज्या सात मंडळ्यांना हे लिहून पाठवलं त्यांच्या दाराशी रोमचं राज्य उभं होतं. डॉल्बीपेक्षा मोठंच संकट ते. त्यांना योहानानं काय दाखवलं?

घाटमाथा
सात शिंगांचा कोकरा दाखवला! शिंगं विसरलात. तो काही गरीब बिचारा नाही, एवढं तरी माना.

मिशन कंपाउंड
मानलं. शिंगं तुमची. आयाळ नाही.

नंदगडची आक्का
तुम्ही दोघं भांडा. आम्हा कॅथलिकांच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसादाआधी ‘देवाच्या कोकरा’ म्हणतातच, सातव्या शतकाच्या शेवटी पोप सर्जियस (पहिले) यांनी ते सुरू केलं. त्याच सुमाराला, 692 मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं ठरवलं की ख्रिस्ताला कोकऱ्याच्या रूपात रंगवू नका, माणूस म्हणूनच रंगवा. रोमनं ते मानलं नाही. चित्रावरून भांडायचं खूळ तुमच्या बॅनरच्या फार आधीचं आहे. आमचं दुखणं निराळंच. आमच्या गावात मराठी मिस्सा महिन्यातून एकदा मिळते आणि त्यासाठीही अर्ज करावा लागतो.

सदाशिवनगर
घ्या! 1956 पासून चाललेला सीमाप्रश्न आता वेदीपर्यंत पोचला.

विषयावर एकच. वल्हांडण या यहुदी सणाचा कोकरा पापासाठीचं अर्पण नव्हताच. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, त्याचं रक्त दारांच्या चौकटीला लावलं ते मरण घर ओलांडून जावं म्हणून. लोकांची पापं डोक्यावर घेऊन रानात गेला तो बोकड, लेवीय 16. मग ‘जगाचं पाप हरण करणारा कोकरा’ हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं कुठून काढलं?

मेंढरामागचा
यशया 53 मधनं. तिथं वधाला नेलेला कोकराही आहे आणि पाप वाहणाराही, दोन्ही एकाच माणसात. कातरणाऱ्यापुढं गप्प राहणारी मेंढीही तिथलीच. ते खरंखुरं आहे, मी धनगराचा आहे. आज्जा मेंढराचे चारी पाय एकत्र बांधून आडवं पाडायचा, मानेपासनं कातरी चालवायचा. मेंढरू हूं नाही की चूं नाही, डोळं उघडं ठेवून पडून राहायचं. बकऱ्याचा नुसता कान धरा, सगळी गल्ली जागी होते.

निर्गम 12 मध्ये तर कोकरा दहाव्या दिवशी आणून चौदाव्यापर्यंत जवळ ठेवायचा. कापायच्या आत पोरांना त्याचा लळा लागतो हो. आमच्या चुलत्याकडं लक्ष्मीच्या जत्रेचं बकरं दारात बांधलेलं होतं, पोरींनी त्याला हिरवी रिबन बांधली होती. मी ताटावरनं उठलो, जेवलो नाही. त्यानंतर चुलता बोललेला नाही.

घाटमाथा
बरोबर केलंस. मूर्तीपुढचं ते. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये स्पष्ट मनाई आहे.

सदाशिवनगर
काय बरोबर? वर्षातनं एकदा सगळा भावकीचा गोतावळा जमतो, भाकऱ्या थापून बायकांचे हात भाजतात, आणि हे साहेब ताटावरनं उठणार! प्रेषित पौलानं करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगितलंय, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा.

घाटमाथा
तीन वचनं पुढं वाच. हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको, 10:28.

सदाशिवनगर
चुलत्यानं सांगितलं होतं काय? न विचारता पाहुण्यासारखं जेवायचं. वचन माणसासाठी असतं, का माणूस वचनासाठी?

मेंढरामागचा
डोळ्यासमोर कापलं, अजून काय सांगायचं राहतं?

मिशन कंपाउंड
आपण प्रकटीकरणावर बोलत होतो.

नंदगडची आक्का
तुम्ही बोला की. आमच्यात फादर स्वतः जत्रेला जातात, जेवणाआधी प्रार्थना करतात आणि दोन भाकऱ्या जास्त खातात. कुणाचा विश्वास ढळलेला मी तरी बघितला नाही. पोरा, चुलत्याला फोन लाव.

घाटमाथा
कॅथलिकांचं सोडा, तुम्हाला सगळंच चालतं.

नंदगडची आक्का
होय की. आणि सिंह छापून दुसऱ्याच्या ताटाला भिणारे तुम्ही.

मेंढरामागचा
आक्का, फोन लावलाय, उचलत नाही. ॲडमिन, धागा बंद करू नका. जत्रा मे महिन्यात आहे, तोवर मटणाचा निकाल लागला पाहिजे.