नवी विमानं नंतर, आधी एटीआर नीट करा

वर एकाने लिहिलंय की आपल्या या विमान उडवायच्या गेमच्या पुढच्या अपडेटमध्ये नवीन जेट हवीत, जुन्या विमानांकडे नंतर बघू. मला हे अजिबात पटत नाही.

९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२-६०० या पंख्याच्या विमानाने. होटगी रोडला सोलापूर विमानतळाच्या कुंपणापाशी उभं राहून मी ते विमान कितीदा पाहिलंय. एटीआरला शेपटीत वेगळं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, नसतं. जमिनीवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन चालूच ठेवतात. वीज आणि एसीची हवा त्यातूनच मिळते. याला हॉटेल मोड म्हणतात. आपण गेममध्ये घेतलेल्या एटीआरमध्ये मात्र ब्रेकचं बटण दाबलं की नुसता दिवा लागतो, पंखा आपला फिरतोच! पैसे मोजलेत, तर एवढं तरी चालायला हवं ना?

आणि हो, सोलापूर विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. गेममध्ये ती अजून उभी आहे. विमानतळाचा अपडेट काढाल तेव्हा तीही काढा. लँडिंगला येताना नजर तिथेच जाते आणि मन खट्टू होतं.