घातक, धोकादायक, विषारी की नुसतं 'केमिकल'? बोर्डावर काय लिहू?

ऐरोलीकर
मंडळी एक शंका आहे, जरा लांबलचक आहे सांभाळून घ्या. मी महापेला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत सेफ्टीचं बघतो. रसायनांच्या ड्रमसोबत जी सेफ्टी डेटा शीट येते, १६ भागांची, ती सगळी इंग्रजीत, आणि ती वाचतो कोण तर मी आणि ऑडिटवाले. साहेब म्हणाले मराठीत बोर्ड लाव. बसलो लिहायला आणि पहिल्याच शब्दाला अडलो. हॅझर्डसला काय म्हणायचं? रसायनांबद्दलच्या १९८९च्या नियमांच्या सरकारी मराठीत 'घातक रसायने' आहे, पण घातक म्हटलं की मला घात, म्हणजे थेट जीवच जाणार असं वाटतं. 'धोकादायक' लिहावं तर ठाण्यात तो शब्द बिल्डिंगांनी घेतलाय, पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची यादी येते धोकादायक, अतिधोकादायक. 'विषारी' सगळ्यालाच लागू होत नाही. 'हानिकारक' सिगारेटच्या पाकिटाने वापरून वापरून गुळगुळीत केलाय.

आणि हे नुसतं शब्दांचं कौतुक नाहीये. कॉस्टिक सोड्याच्या ड्रमवर मी कागद चिकटवला होता, 'तीव्र क्षार'. आमचा एक हेल्पर हातमोजे न घालता सोड्याचे फ्लेक्स, म्हणजे पापुद्रे, काढत होता. ओरडलो तर म्हणतो, "सर, क्षार ना, आमच्या गावाला बोअरच्या पाण्यात असतात तेच, बादलीला पांढरं चढतं." वर बोटं चोळून दाखवतोय, बघा साबणासारखं बुळबुळीत लागतंय, दुखत पण नाहीये. ओढत नेला नळाखाली. तो बुळबुळीतपणा म्हणजे कातडीतल्या चरबीचाच साबण होत असतो हे त्याला नंतर सांगितलं, तेव्हा तोंड पडलं त्याचं. चूक त्याची कमी, माझ्या कागदाची जास्त.

नौपाड्याच्या बाई
दादा, हा घोळ जुना आहे, तुमचा एकट्याचा नाही. मी ३० वर्षं विज्ञान शिकवलं, दरवर्षी हाच धडा अडायचा. शाळेच्या पुस्तकात ॲसिड म्हणजे आम्ल, बेस म्हणजे आम्लारी (आम्लाचा अरी, शत्रू, मला फार आवडायचा हा शब्द) आणि दोघांची गाठ पडून जे तयार होतं ते क्षार, म्हणजे सॉल्ट. पण संस्कृतात आणि आयुर्वेदात क्षार म्हणजे जाळणारा, कापणारा पदार्थ. भगंदरावर क्षारसूत्र लावतात ना, तो दोरा क्षाराने माखलेला असतो आणि हळूहळू मांस कापत जातो. म्हणजे वैद्याचा क्षार झोंबणारा (तुमच्या कागदावरचा तोच), शाळेचा क्षार मिठासारखा गरीब, आणि सोसायटीतल्या आरओवाल्याचा क्षार म्हणजे टीडीएस, पाण्यात विरघळलेलं जे काही असेल ते. तुमचा हेल्पर तिसऱ्या अर्थाने बरोबरच बोलत होता. जाता जाता, न्यूट्रलायझेशनला आम्ही 'उदासिनीकरण' शिकवायचो, मुलं म्हणायची बाई, आम्लाला ब्रेकअपनंतर होतं तेच ना.

वाशी मार्केट
शब्द राहू दे, आमच्याकडे एकच शब्द चालतो, केमिकल. एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाईक आंब्याची पेटी हुंगतं आणि विचारतं "केमिकलचा नाही ना?" त्याच्या डोक्यात असते फळं पिकवायची कार्बाइडची पुडी. त्यावर बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, ओल लागली की त्यातून ॲसिटिलिन गॅस निघतो, शिवाय त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असू शकतो. पण रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या खोलीत, इथिलीन गॅस सोडतात, त्याला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १०० भाग) परवानगी आहे, आणि हा इथिलीन आंबा स्वतःच सोडतो पिकताना. आजोबा गवतात अढी लावायचे तेव्हा आंबे एकमेकांना इथिलीनच तर देत होते. आता गिऱ्हाइकाला सांगा हे! "म्हणजे केमिकलच ना" म्हणून पुढच्या गाळ्यावर जातं.

कळव्याहून
+१. 'केमिकल' हे आता नाम राहिलं नाही, शिवी झालीये. केमिकलवाला गूळ, केमिकलवाला रंग, केमिकलवालं दूध. गंमत म्हणजे 'रसायन' हा अगदी उलटा शब्द, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचं नावच रसायन, वय थोपवणारं, ताकद देणारं, च्यवनप्राश हे रसायनच. त्यामुळे च्यवनप्राशच्या बाटलीवर 'रसायनविरहित' लिहिलं तर जाहिरातवाल्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला म्हणायचं. 'सेंद्रिय'चंही तेच. भाजीवाल्याचं सेंद्रिय वेगळं आणि रसायनशास्त्रातलं वेगळं, तिथे पेट्रोलसुद्धा सेंद्रिय. बरं झालं पुस्तकांनी 'कार्बनी' शब्द आणला.

घणसोली
मूळ प्रश्नाकडे या. माझ्या मते इथे दोन गोष्टी आहेत आणि मराठीत आपण दोन्हीला 'धोका'च म्हणतो. पदार्थाचा अंगचा गुण वेगळा आणि तो तुम्हाला बाधण्याची शक्यता वेगळी. टोपलीतला नाग घातकच आहे, झाकण बंद असलं तरी. पण जोखीम झाकण उघडल्यावर. म्हणून पहिल्याला 'घातक' आणि दुसऱ्याला 'जोखीम' असं पक्कं ठरवून टाका, ड्रम घातक, मोजे नसताना हात घालणं जोखमीचं.

घरातलं उदाहरण देतो. डांबरगोळ्या. नाव बरोबर आहे, नॅफ्थलीन कोळशाच्या डांबरातूनच काढायचे (आता पुष्कळ गोळ्या दुसऱ्याच पदार्थाच्या असतात ती गोष्ट वेगळी). कपाटात चार गोळ्या ठेवल्या तर आपल्याला काही होत नाही. पण जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेलं तान्हं बाळ त्याच वासाच्या दुपट्यात गुंडाळलं तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. गोळी तीच, घातकपणा तोच, जोखीम बदलली. बाळाचे कपडे गोळ्यांत ठेवू नका हे सांगायला मात्र कुठलाच शब्द लागत नाही.

आणि डोससाठी आपल्याकडे 'मात्रा' हा केवढा चांगला शब्द आहे, उगाळून चाटवायची ती मात्रा, लागू पडते ती मात्रा. १६व्या शतकात पॅरासेल्ससने हेच सांगितलं, विष ठरतं ते मात्रेवरून.

नौपाड्याच्या बाई
जोखीम पटलं. पण 'विषारी'वर एक. बाथरूम साफ करायच्या बाटलीला आमच्या कामवाल्या मावशी 'ॲसिड' म्हणतात आणि ब्लीचला 'पावडर'. पावडर म्हणजे त्यांना तोंडाला लावायचीच वाटते. दोन्ही एकत्र टाकून घासायला बसल्या एकदा, क्लोरीन निघाला, खोकून खोकून बेजार. सुटी सुटी ठेवली तर दोन्ही आपापल्या जागी बरी. तिथे कुठला शब्द लिहाल?

ऐरोलीकर
बाई, तिथे शब्द नाही, वाक्यच लिहावं लागणार. "एकत्र करू नका, गॅस होतो."

ठाणे-बेलापूर रोड
मी टँकर चालवणाऱ्यांना ट्रेनिंग देतो, आमच्याकडे शब्दांचा प्रश्न आकड्यांनी सोडवलाय. टँकरच्या मागच्या पाटीवर १२०३ दिसलं की पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. वर आग-गळती झाली तर काय करायचं त्याचा कोड असतो, पेट्रोलला थ्री वाय ई. थ्री म्हणजे फोम मारा, ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. फायर ब्रिगेडवाला मराठी असो की तमिळ, वाचतो तेच. पण रबाळे सिग्नलला टँकरमागे स्कूटर लावून सिगारेट ओढणाऱ्याला १२०३ काय कळणार, त्याच्यासाठी 'ज्वालाग्राही'च पाहिजे. 'ज्वलनशील' नको, ते लाकूडही असतं. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाला झडप घालून पकडणारं, पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपास पण पेट घेते.

कळव्याहून
ज्वालाग्राही सुंदर आहे पण हेल्परला वाचता येईल का? जोडाक्षरं बघा.

ऐरोलीकर
तोच तर मुद्दा. सगळ्यांचं वाचून काल बोर्ड केला. कॉरोझिव्हला 'संक्षारक' हा शब्द डिक्शनरीतून काढला होता, तो बारीक अक्षरात खाली टाकलाय, ऑडिटवाल्यांसाठी. वर लाल चौकोनात हातावर थेंब पडतानाचं चित्र, आणि मोठ्या अक्षरात:

"कॉस्टिक सोडा. कातडी आणि डोळे जाळतो. लगेच दुखत नाही म्हणून थांबू नका. लागला की नळाखाली निदान १५ मिनिटं. लिंबू, व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेला तर धुवत धुवत दवाखाना."

'घातक' कुठेच नाही शेवटी. त्या हेल्परला वाचायला लावलं, मोठ्याने वाचलं त्याने, आणि मोजे घातले. काही राहिलंय का बघा, उद्या प्रिंटला जातोय.

नौपाड्याच्या बाई
छान झालंय. 'डोळ्यात' नको, 'डोळ्यांत' करा. दोन डोळे असतात.

घणसोली
बाई, उडालं तर एकाच डोळ्यात जाईल ना?

नौपाड्याच्या बाई
मग 'डोळे जाळतो'चं काय करणार?